क्लचची वजनं आणि साळवे

माझ्या उभ्या नोकरीत मी हेवा केला तो एकाच माणसाचा, पण तो इतका केला की दुसऱ्या कुणासाठी शिल्लकच राहिला नाही. त्याचं नाव गंगाराम साळवे. रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे दिनशॉजींचं वर्कशॉप होतं, तिथे आम्ही दोघं होड्यांना इंजिनं बसवायचो. संपादकांनी कामाच्या आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा मी ठरवलं होतं, लिहायचं ते फक्त कामाबद्दल, साळवेला बाजूला ठेवायचं. तसं लिहूनही पाहिलं. वाचून दाखवल्यावर बायको म्हणाली, "ह्यात मीठच नाय." मग फाडून टाकलं आणि नव्याने बसलो.

काम काय होतं ते आधी सांगतो, कारण आता ती इंजिनंही राहिली नाहीत आणि ते क्लचही.

लढाई संपल्यावर लष्कराचा पुष्कळ माल मुंबईत लिलावात निघाला. त्यात लहान लहान विलायती इंजिनं होती. दिनशॉजींनी ती ढिगाने उचलली आणि शेडमध्ये रचून ठेवली. तोवर मुंबईच्या किनाऱ्यावरचे कोळी शिडावर आणि वल्ह्यावरच होते, पण हळूहळू त्यांनाही मशीन हवंसं वाटू लागलं होतं. वारा पडला की शिडाची होडी मासे सडेपर्यंत बाहेर अडकून राहायची. मशीनवाला तोवर बाजार करून घरी जेवायला बसलेला असायचा.

या इंजिनाच्या आणि पाण्यातल्या पंख्याच्या मध्ये आपोआप पकडणारा क्लच होता. एका गोल ड्रममध्ये तीन बूट, म्हणजे लोखंडाचे बाकदार तुकडे, वर घासायला लायनिंगचं अस्तर. इंजिन सावकाश फिरत असताना स्प्रिंगा त्या बुटांना आत ओढून धरायच्या आणि पंखा थांबलेला असायचा. रेस दिली की बूट बाहेर फेकले जायचे, ड्रमला चिकटायचे आणि पंखा फिरू लागायचा. गोफण फिरवताना दगड हाताला बाहेर ओढतो, तसाच तो प्रकार. आता बुटांनी केव्हा बाहेर यायचं आणि किती जोराने धरायचं हे त्यांच्या वजनावर अवलंबून. म्हणून प्रत्येक बुटाला आटे पाडलेली भोकं होती आणि त्यांत वजनं आवळायची सोय होती. पितळेची, लोखंडाची, शिशाची. काही हरभऱ्याएवढी, काही सुपारीएवढी. तिन्ही बुटांना सारखीच वजनं लावायची, नाहीतर सगळी होडी थरथरायची.

वजन जास्त झालं तर क्लच फार लवकर पकडतो. इंजिनाला अजून दम आलेला नसतो, ते गुदमरतं आणि भरलेल्या होडीत तर बंदच पडतं. वजन कमी झालं तर इंजिन नुसतं ओरडत राहतं, बूट घसरतात, त्यांचं लायनिंग जळतं आणि नाखवा तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. इंजिन पुऱ्या ताकदीला यावं आणि नेमकं तेव्हाच क्लचने धरावं, अशी एक जागा या दोन्हींच्या मध्ये असते. ती प्रत्येक होडीची वेगळी. होडी किती रुंद, पंखा केवढा, माल किती, सगळ्यावर ठरते. ती शोधून काढणं हे माझं काम होतं.

आणि मला ते यायचं. आमच्या धक्क्याला होडी दोरांनी घट्ट बांधायची, रेस द्यायची आणि कान लावून बसायचं. क्लच पकडताना इंजिनाचा आवाज किती खाली बसतो त्यावरून मी सांगायचो, आणखी एक पितळी लाव, किंवा एक शिशाचं काढ. बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात जमायचं. एकदा एक लाकडाचे व्यापारी आपली लाँच घेऊन आले. त्यांना पाहुण्यांना घेऊन एलिफंटाकडे फिरायला जायचं असे. म्हणाले, "राणे, सुटताना उडी मारली पाहिजे तिने." मी सांगितलं, उडी मारायला लावली तर तुमचे पाहुणे मागच्या मागे पडतील. त्यांना ते खरं वाटेना. मी क्लच त्यांना हवा तसा लावून दिला आणि त्यांच्या मेहुण्याची टोपी समुद्रात गेली. दुसऱ्या दिवशी ते गुपचूप परत आले. असे दिवस होते. वर्कशॉपमध्ये वजनांची पेटी उघडायची तर राणेनेच, असा रिवाज पडला होता.

साळवे आला तो लेथवर. वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा. वडील गिरणीत, मूळ गाव साताऱ्याकडे. काळासावळा, बारीक, बोलणं कमी. मी मालवणकडचा, खाडीकाठी वाढलेला. चालायच्या आधी होडीत बसलो असेन. साळवेला मात्र समुद्र सोसत नव्हता. धक्क्याला बांधलेल्या होडीत पाय ठेवला तरी त्याचा चेहरा पांढरा पडायचा. आम्ही हसायचो. तोही हसायचा.

हिराबाई नाखवीण मी आणलेलं गिऱ्हाईक. वरळी कोळीवाड्यातली विधवा बाई, स्वतःचा मचवा, तो चालवायला पोशा नावाचा मुलगा. मशीनच्या नावाने ती बोटं मोडायची, मासे पळतील म्हणायची. मी तिच्या दारात खेपा घालघालून तिला राजी केली. मचवा रे रोडला आणवला, इंजिन बसवलं, वजनं लावली. धक्क्याला बांधून रेस दिली तेव्हा दोर तुटतील असं वाटलं. पण पुढच्याच आठवड्यात ती वर्कशॉपच्या दारात उभी.

"राने, तुजा मशीन खडकापाशी मरतं."

मचवा परत आणवला. बांधला, तपासला. काही दोष नव्हता. ती घेऊन गेली आणि पुन्हा आली. वरळीच्या खडकाबाहेर लाटा आडव्या येतात, तिथे गेलं की मशीन बंद, आणि बंद मशीन घेऊन खडकाजवळ तरंगायचं म्हणजे जिवाशी खेळ. मी पुन्हा बांधून तपासलं. तेव्हा साळवे लेथ थांबवून आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "राणे, मी एकदा त्यांच्याबरोबर जाऊन येऊ का?"

"तू? समुद्रात?"

"ओकेन फार तर."

तो गेला आणि खरंच ओकला. पोशाने नंतर सांगितलं, जाळी, बर्फ, माणसं सगळं भरून त्याने मचवा खडकाबाहेर न्यायला लावला आणि एका हाताने काठ धरून ओकत, दुसरा हात क्लचच्या झाकणावर ठेवून बसला. दुसऱ्या दिवशी कामावर आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. मला म्हणाला, "लाटेच्या डोक्यावर चढलं की पंखा पाण्याबाहेर येतो. मशीन मोकळं होऊन पळतं. मग पंखा दाणकन पाण्यात बसतो. तुझा क्लच सोडतच नाही, सगळा धक्का मशीनला जातो. जरा हलकं केलं तर तेवढ्यापुरता घसरेल, धक्का गिळेल, मशीन जगेल. थोडं लायनिंग जाईल, जाऊ दे."

प्रत्येक बुटातलं एक वजन त्याने माझ्यासमोर, मला विचारून काढलं. हिराबाईचं मशीन त्यानंतर खडकापाशी मेलं नाही.

तो बरोबर होता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. मला लागलं ते पुढचं. हिराबाईने निरोप पाठवला, यापुढं मना साळवेच पायजे. मी इतक्या खेपा घातल्या तेव्हा ती मला ओट्यावर बसवायची. साळवेला तिने घरात नेऊन जेवायला घातलं. रिकाम्या पोटी ओकू नये म्हणून भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून द्यायला लागली. मग कोळीवाड्यातले बाकीचेही तेच म्हणू लागले. ज्या माणसाला पाणी बघून भोवळ येते त्याला दर्यावरचा म्हणायचं, आणि मी, ज्याच्या बापजाद्यांनी गलबतं चालवली, तो धक्क्यावरचा.

त्या दिवसांत एकदा जेवताना बायको म्हणाली, "काय झालाहा तुमका? मासो थंड झालो."

मी तिला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "माणूस बरो दिसता." म्हणजे साळवे. मी ताट सरकवून उठलो.

मग साळवेने रजा घेतली. घरच्या सगळ्यांना घेऊन तो दीक्षा घ्यायला नागपूरला गेला. नेमका त्याच वेळी हिराबाईचा मचवा आला, क्लचची स्प्रिंग तुटलेली. मला वाटलं, आता बघू. स्प्रिंग बदलली, पेटी उघडली, तर हिराबाई माझ्या डोक्यावर उभी.

"वजनाना हात नको लावू."

"बाई, स्प्रिंग नवी आहे, बघायला नको?"

"बघ. पन डोल्यानी."

मी डोळ्यांनी बघितलं. हलवण्यासारखं काही नव्हतंच. तेवढ्यावर तिला जाऊ दिलं.

साळवे पांढऱ्या सदऱ्यात परत आला. आईने बांधून दिलेले लाडू आणले होते, ते सगळ्यांना दिले. लाडू खाऊन झाल्यावर त्याने विचारलं, "हिराबाईंची स्प्रिंग तू बदललीस ना? छान बसली आहे." कामावर यायच्या आधीच तो वरळीला जाऊन पाहून आला होता.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा चांगलीच पेटली होती. आमच्या लालबागला रोज काही ना काही चालू असायचं. हरताळ झाला की वर्कशॉप बंद. साळवे नागपूरला जायच्या आधीच गोळीबार झाला होता, आमच्या मागच्या चाळीतला एक माणूस गेला होता, कित्येक दिवस कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. मी मोर्च्यांना जायचो, पण सत्याग्रहात नाव दिलं नाही. घरी आजारी आई, लग्नाच्या दोन बहिणी, मिळवता मी एकटा. माझ्या जागी दुसऱ्याने वेगळं केलं असतं असं मला वाटत नाही. साळवेने मात्र नाव दिलं आणि तो तुरुंगात गेला.

सुटून आला तेव्हा परळला त्याला आणि त्याच्याबरोबरच्यांना हार घातले. आमच्या चाळीतल्या बायका ओवाळायला गेल्या, त्यांत माझी बायको. मी गर्दीत मागे उभा होतो. साळवेने मला पाहिलं, हार गळ्यात तसाच ठेवून पुढे आला आणि विचारलं, "आईची तब्येत कशी आहे?" त्या क्षणी त्याने दुसरं काहीही विचारलं असतं तर चाललं असतं.

दिनशॉजींनी त्याची जागा भरली होती. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "राणे, मला समजते बधू, सगळा समजते. पण मी धंदा करते. माणूस जेलमध्ये, तर मशीन कोण लावणार?" साळवेने वाद घातला नाही. वरळी नाक्याजवळ पाटील नावाच्या गृहस्थाने नवीन वर्कशॉप काढलं होतं, त्याने साळवेला मानाने बोलावून घेतलं. त्याच्यामागे वरळीची गिऱ्हाइकं गेली. हिराबाई सगळ्यांत पहिली.

आता वजनांची पेटी पुन्हा माझ्या एकट्याची झाली. वर्षभर मी ती उघडली की मनात विचारायचो, साळवेने यात कुठलं उचललं असतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर शर्यत ठरली. मच्छीमारांच्या एका सोसायटीला आपल्या सभासदांच्या होड्यांवर इंजिनं बसवायची होती. एवढं मोठं काम आम्हा कुणाला कधी मिळालं नव्हतं. ज्याला मिळेल तो टिकणार, दुसऱ्याचं कठीण, हे दोन्ही वर्कशॉपना माहीत होतं. सोसायटीने ठरवलं की दोन्हीकडचा एकेक मचवा, सारखीच इंजिनं, सारखीच वाळूची पोती भरून, वरळीच्या किनाऱ्यावरून सुटायचा, बाहेरच्या बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपाला, वळसा घालून परत यायचा. जो आधी येईल त्याचं काम. पाटलांकडून हिराबाईचा मचवा, सुकाणूवर पोशा, मशीनवर साळवे. आमच्याकडून धर्मा नाखव्याचा मचवा आणि मशीनवर मी.

हरताळ आणि संचारबंदीमुळे शर्यत दोनदा पुढे ढकलली गेली. तेवढे दिवस मला मिळाले. मी मचवा धक्क्याला बांधला नाही. पोती भरून धर्माला घेऊन रोज खडकाबाहेर गेलो. लाटेवर क्लच केव्हा सोडतो, केव्हा धरतो, ते झाकणावर हात ठेवून पाहिलं. वजनं काढली, घातली, पुन्हा काढली. सगळं साळवेच्या पद्धतीने. फक्त ओकलो नाही. एकदा लांबून त्यांचा मचवा दिसला. काठावर वाकलेली साळवेची बारीक पाठ दिसली आणि मला वाटलं, हा आजारी असूनही माझ्यापेक्षा जास्त वेळ पाण्यात असतो.

शर्यतीच्या दिवशी किनाऱ्यावर सगळा कोळीवाडा जमला होता. ढोल होता, बायका नटून आल्या होत्या. दिनशॉजी छत्री घेऊन खुर्चीवर बसले होते.

सुटताना माझा मचवा पुढे निघाला. क्लचने इतकं सुरेख धरलं की धर्माने सुकाणूवरून वळून माझ्याकडे पाहिलं. बोयाच्या वाटेवर साळवेने मला गाठलं, काही वेळ आम्ही बरोबरीने गेलो. पोशा उभा राहून सुकाणू धरत होता, साळवे मशीनवर ओणवा. बोयाला धर्माने फार जवळून वळण घेतलं आणि आम्ही एका होडीच्या अंतराने पुढे झालो. तिथून किनारा सरळ समोर. लाटा मागून येत होत्या.

आता मला तो दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. त्याचं मशीन लाटेवर मोकळं व्हायचं आणि पुन्हा धरायचं. दर लाटेला आवाज थोडा जवळ येत होता. मी रेस पुरी दिलेली होती, माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी फक्त ऐकत होतो. आवाज आणखी जवळ आला. मग तो वळला. लांब गेला आणि वाऱ्यात नाहीसा झाला.

मला वाटलं, लायनिंग जळलं. किंवा स्प्रिंग गेली. मला आनंद झाला, आणि तो किती झाला हे मी सांगत नाही.

आम्ही किनाऱ्याला लागलो. मचवा वाळूत घुसला, मी उडी मारून खाली उतरलो. ढोल वाजत नव्हता. कुणी आमच्याकडे धावत आलं नाही. सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर उभा होता आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. मग लोक धावले, पण आम्हाला ओलांडून, पाण्यात. हिराबाई कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली.

मी वळून पाहिलं. हिराबाईचा मचवा खडकाच्या बाजूने अगदी सावकाश येत होता. मागे दोराला बांधलेली एक छोटी होडी, पाण्याने भरलेली, नुसता काठ वर. मचव्यातून निळा धूर निघत होता आणि जळक्या लायनिंगचा वास किनाऱ्यापर्यंत येत होता.

झालं होतं ते असं. कान्हा नावाचा एक म्हातारा कोळी एकटाच खडकाजवळ गळ टाकून बसला होता. लाटेने त्याची होडी उलटली. मी समोर बघत होतो, धर्मा समोर बघत होता, पोशाही समोर बघत होता. साळवे तेवढा काठावर वाकून ओकत होता, म्हणून त्याला बाजूला उलटी होडी आणि तिला धरलेला हात दिसला. त्याने पोशाला वळायला सांगितलं. कान्हाला वर घेतला, पण तो होडी सोडून यायला तयार होईना. त्याचं जे काय होतं ते तीच होती. दोघांनी होडी सरळ केली आणि दोर बांधला. शर्यतीसाठी हलका केलेला क्लच तेवढं ओझं ओढणार नव्हता. साळवे थोडी रेस द्यायचा, बूट जळायला लागले की थांबायचा, पुन्हा द्यायचा. असं करत करत त्याने ती होडी किनाऱ्याला आणली. किनारा येईपर्यंत लायनिंगचा कोळसा झाला होता.

ढोल वाजला तो तेव्हा. कान्हाला खांद्यावर घेतलं, मग साळवेला. तो हातवारे करून खाली ठेवा म्हणत होता, कारण त्याला पुन्हा मळमळत होतं.

सोसायटीची माणसं पेचात पडली. शर्यत पुन्हा घ्या, असं काहींचं म्हणणं पडलं. पाटीलही तेच म्हणत होते. साळवे टॉवेल पांघरून वाळूत बसला होता, तिथूनच म्हणाला, "राणेचा मचवा आधी आला. ठरलं होतं तसं झालं. काम त्यांचं."

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. हिराबाईने त्याला चहा दिला होता. मला दिला नव्हता. मी हळूच विचारलं, "साळवे, खरं सांग. गाठलं असतंस का मला?"

"नाही रे," तो म्हणाला. "बोयाच्या पुढे तू हातातून गेला होतास. चांगला लावला होतास क्लच."

मी घरी गेलो. दिनशॉजींनी पेढे वाटले. चाळीत सगळे शर्यतीचंच विचारत होते, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न साळवेबद्दल होता.

पाटलांकडे लायनिंग नव्हतं. तो माल आमच्याकडेच होता. म्हणून हिराबाईचा मचवा ओढून रे रोडला आणला. मी क्लच उघडला. बूट काळे पडले होते, वजनं जागच्या जागी होती. माझ्यापेक्षा प्रत्येक बुटाला एक हरभऱ्याएवढं पितळ कमी. बस, एवढाच फरक. मी लायनिंग नवीन लावलं आणि वजनं होती तशी ठेवली.

हिराबाई म्हणाली, "चल, बघू कसा चालतंय." मी धर्मा नाखव्यालाही बोलावून घेतलं. दोन्ही मचवे भरले आणि बोयापर्यंत नेले. या वेळी मी हिराबाईच्या मचव्यात होतो. बोयाला धर्मा पुढे होता, त्या दिवशी होता तसाच. परतीच्या वाटेवर एकेका लाटेला आम्ही त्याच्या जवळ गेलो. खडकाच्या पुढे गेल्यावर त्याला मागे टाकलं. किनाऱ्याला लागेपर्यंत तो बराच मागे राहिला होता.

हिराबाई माझ्याकडे बघत होती. "कलला?" तिने विचारलं.

"कळलं."

त्याच संध्याकाळी मी बीडीडी चाळीत साळवेच्या खोलीवर गेलो. तो घरीच होता. सोसायटीचं काम गेल्यावर पाटलांनी हात आखडता घेतला होता, साळवेला घरी बसवलं होतं. त्याच्या बायकोने चहा ठेवला. मी म्हटलं, "तू खोटं बोललास. मी तुझा मचवा चालवून पाहिला."

त्याने मला बसायला सतरंजी टाकली. मग म्हणाला, "जे झालंच नाही ते कशाला सांगायचं? तू एवढे दिवस समुद्रात घातलेस. मी बघत होतो."

मला त्याचा राग आला. त्याने थोडी तरी बढाई मारली असती, थोडं तरी रडगाणं गायलं असतं, तर मला सुटका मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी मी दिनशॉजींकडे गेलो आणि साळवेला परत घ्या म्हणालो. सोसायटीच्या निम्म्या होड्या खडकाच्या बाजूच्या होत्या. त्यांचे क्लच मला एकट्याला जमतील की नाही, याची मला खात्री नव्हती, आणि एखादी होडी खडकावर गेली असती तर ते माझ्या अंगावर आलं असतं. दिनशॉजींनी चष्मा काढला.

"विचार करून बोल. तो इथे आला तर लोक तुला विचारणार नाय."

"माहीत आहे, शेठ."

"तरी पण?"

"तरी पण."

साळवे आला. मी फोरमन झालो, तो माझ्या हाताखाली. पुढे महाराष्ट्र झाला, दादरला रोषणाई बघायला आम्हा दोघांची कुटुंबं मिळून गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही एकाच बाकावर काम केलं. गिऱ्हाईक दारातून आत यायचं, मला नमस्कार करायचं आणि माझ्यामागे बघत विचारायचं, "साळवे हायत का?" मी "आहेत" म्हणून बाजूला व्हायचो. याची सवय होते असं लोक म्हणतात. मला झाली नाही. तो अवघड क्लच असला की वजन हातात धरून मला विचारायचा, "जड होईल का रे?" मी नीट पाहून उत्तर द्यायचो. कधी कधी तो माझं ऐकायचा, आणि माझं बरोबर निघालं की सबंध वर्कशॉपला सांगत सुटायचा. त्याचाही मला हेवा वाटायचा. मला त्याच्याबद्दल तसं कधी मोकळेपणाने सांगता आलं नाही.

साळवे जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या नारळी पौर्णिमेला मुलाबरोबर वरळीला गेलो होतो. किनाऱ्यावर एक पन्नाशीचा नाखवा जाळं विणत बसला होता, बोलायला मोकळा. मी जुन्या मशीनच्या होड्यांचा विषय काढला. त्याने लगेच शर्यतीची गोष्ट सुरू केली. साळवे मिस्त्री कसे ओकत होते, कान्हा आजा होडी कशी सोडत नव्हता, धूर कसा निघत होता, ढोल कसा वाजला. त्याच्या जन्माआधीची गोष्ट, पण त्याने एकही तपशील चुकवला नाही.

मी विचारलं, "आणि शर्यतीतली दुसरी होडी कुणाची होती?"

त्याने हात थांबवून आठवून पाहिलं.

"दुसरी?" तो म्हणाला. "दुसरी असंल की. शर्यत बोलल्यावर दुसरी पायजेच."